मॅडमना साडी नको, पत्र द्या

आज इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरचं कोणी ना कोणी ऍडमिट आहे, काहींना नुकताच डिस्चार्ज मिळालाय, म्हणून हॉस्पिटलातल्या सोशल वर्करचे आभार कसे मानायचे, ते मी सरळ माझ्याच घरचं उदाहरण देऊन सांगते.

माझे वडील ब्रेन हॅमरेजने पुण्यात एका धर्मादाय, म्हणजे ट्रस्टच्या, हॉस्पिटलात 19 दिवस होते. बिल साडेतीन लाखाच्या पुढे गेलं आणि आम्ही आईच्या पाटल्या मोडायचं ठरवलं होतं, तेव्हा बिलिंगवरचा एक मुलगा हळूच म्हणाला, ताई, खाली सोशल वर्करकडे एकदा जाऊन या. खाली म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि रेशनकार्डांच्या झेरॉक्सचा गठ्ठा. मॅडमनी आधी पाणी दिलं, मग विचारलं, घरात कमावतं कोण, शेती किती, उत्पन्नाचा दाखला आहे का. दाखला नव्हता, रेशनकार्ड गावाला आणि त्यात आईचं नावच नाही. त्यांनी एका कागदावर नंबर घालून लिहून दिलं, आधी तलाठी, मग सेतू, मग तहसीलदार, आणि कुठल्या कागदाची झेरॉक्स आधी काढून ठेवायची तेसुद्धा. भाऊ त्याच रात्री एसटीने साताऱ्याकडे गेला. तो परत येईपर्यंत त्या रोज संध्याकाळी आयसीयूच्या बाहेर येऊन आईजवळ पाच मिनिटं बसायच्या, काही बोलायच्या नाहीत फारसं.

कागद आले आणि बिलात सवलत मिळाली. आता हे त्यांनी स्वतःच्या मनाने दिलेलं दान नव्हतं, हे मला नंतर कळलं. महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम 41 कक आहे, त्यावर मुंबई हायकोर्टाने 2006 मध्ये योजना मंजूर केली, धर्मादाय हॉस्पिटलांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना आणि 10 टक्के दुर्बल घटकांना ठेवायच्या, बिलांच्या रकमेतले 2 टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकायचे. वर्षाचं उत्पन्न 1 लाख 80 हजारांच्या आत तर मोफत, 3 लाख 60 हजारांच्या आत तर सवलत. आम्ही दुसऱ्यात बसलो. हक्क आमचाच होता, पण तो आहे हे माहीत असलेलं आणि आमच्यासाठी तीन टेबलं फिरणारं माणूस त्या होत्या.

डिस्चार्जच्या दिवशी आईने साडी आणली, पिशवीत पाचशेच्या नोटांचं एक पाकीट आणि वर नारळ. मॅडमनी पिशवी दोन्ही हातांनी धरून परत आईच्या मांडीवर ठेवली. आई रडायला लागली, तिला वाटलं कमी पडलं. मग त्या म्हणाल्या, मावशी, ओटी भरा माझी, नारळ घेते, साडी नाही. आईने तिथेच टेबलाशी उभ्या उभ्या तांदूळ आणि नारळाने ओटी भरली. संध्याकाळी तो नारळ फोडून त्या खोलीतल्या सगळ्यांना खोबरं मिळालं, वॉर्डबॉयपासून शेजारच्या पेशंटच्या आजीपर्यंत.

सरकारी हॉस्पिटलात हेच काम करणारे समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं. त्यांना कामाच्या बदल्यात पैसे किंवा महागाची वस्तू दिली तर लाचलुचपतीचा कायदा आडवा येतो, आणि 2018 च्या दुरुस्तीनंतर देणाराही त्यात सापडू शकतो. आपल्या मनात फक्त कृतज्ञता असते हो, पण आपण गेल्यावर त्या टेबलापाशी जो पुढचा माणूस येतो, ज्याच्याकडे साडीचेही पैसे नाहीत, त्याला काय वाटेल याचा विचार करा. पैसे द्यायचेच असतील तर गरीब रुग्णांच्या फंडात द्या आणि पावती घ्या. मुंबईत महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत पुअर बॉक्स चॅरिटी फंड असतोच.

मग मॅडमना काय द्यायचं? मीही त्यांना हेच विचारलं. त्या म्हणाल्या, ताई, लिहून द्या काहीतरी. मी घरी येऊन दोन पानं लिहिली, आपण देवमाणूस आहात, आमच्यासाठी नियम बाजूला ठेवून धावलात वगैरे. भावाने वाचलं आणि म्हणाला, हे देऊ नकोस. नियम बाजूला ठेवला असं लिहिलं की उद्या कोणी विचारेल कुठला नियम. आणि खरं तर त्यांनी नियम शोधून काढून आम्हाला दाखवला होता! हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कौतुकाच्या भरात आपण अशी वाक्यं लिहितो आणि त्रास त्या बिचारीला होतो. दुसऱ्यांदा एकच पान लिहिलं. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने, पेशंटचं नाव, वॉर्ड, तारखा. अमुक तारखेला दाखल्याची माहिती दिली, अमुक तारखेला अर्ज पूर्ण करून घेतला, बिलात इतकी सवलत मिळाली, आईला रोज धीर दिला. एक प्रत त्यांच्या हातात, एक आवक-जावकला देऊन शिक्का मारून घेतला. ऑपरेशन केलं की डॉक्टरचं नाव फाईलवर असतं, पण आयसीयूच्या बाहेर आईजवळ बसलेली पाच मिनिटं कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतात, म्हणून ती कोणीतरी लिहावी लागतात.

आपल्याकडे हे काम नवीन नाही, मुंबईच्या जेजे हॉस्पिटलात 1946 मध्येच वैद्यकीय समाजसेवक नेमले गेले होते. तरी आजही घरोघरी डॉक्टरचं नाव पाठ असतं आणि यांना नुसतं मॅडम म्हणतात. मीसुद्धा आठ दिवस नाव विचारलं नव्हतं.

आणि एक विनंती, त्यांचा पर्सनल नंबर गावातल्या ग्रुपवर टाकू नका, माणसाला पत्ता सांगा, ऑफिसची वेळ सांगा. फोटो काढायचा तर आधी विचारा.

चार महिन्यांनी फॉलोअपला गेलो तेव्हा वडिलांना मुद्दाम खाली घेऊन गेले. काठी टेकत टेकत ते टेबलापर्यंत आले. मॅडमनी नमस्कार करायच्या आधी त्यांच्या उजव्या हाताकडे बघितलं आणि समोरचं पेन पुढे केलं. वडिलांनी ते धरलं, खूप वेळ लावून झेरॉक्सच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सही केली. मॅडमनी तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवला.