दुसरा खर्डा

(नाशिकमधील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

विद्यार्थी मित्रहो, वर्षभर लेखनाच्या तासाला बसूनही पुष्कळांचं लेखन जूनमध्ये होतं तिथेच मार्चमध्ये असतं. याचं कारण प्रतिभेत शोधू नका, कामाच्या पद्धतीत शोधा. निबंध एकदाच लिहायचा, गुण घ्यायचे, पुढचा विषय. असं दहा वेळा केलं तरी हात त्याच चुका गिरवतो. त्यापेक्षा तीनच विषय घ्या आणि प्रत्येकाचे तीन खर्डे करा.

पहिला खर्डा पाठपोट लिहू नका. कागदाच्या एका बाजूला, एक ओळ सोडून, डावीकडे चार बोटं समास ठेवून लिहा. मजकूर ४०० शब्दांचा हवा असेल तर साडेपाचशे-सहाशे होऊ द्या, म्हणजे कापायला जागा राहते. अर्धा तास हात थांबवायचा नाही. एखादं साल आठवलं नाही तर तिथे फुली मारून पुढे जा. दर वाक्याला मागे वळून डागडुजी करत बसलात, तर पहिला परिच्छेद घोटीव होतो आणि शेवट घाईत गुंडाळला जातो.

मग वही मिटा, निदान एक रात्र. लिहिल्या लिहिल्या वाचलं, की कागदावर नसलेलंही मन भरून घेतं.

दुसऱ्या दिवशी पेन्सिलीने प्रत्येक परिच्छेदाशेजारी, समासात, तो काय सांगतो ते पाच-सहा शब्दांत लिहा. 'पुराविषयी' एवढंच नको. 'पुराची सूचना उशिरा मिळते' असं पुरं वाक्य हवं. आता फक्त समास वरून खाली वाचा. एकच गोष्ट दोनदा आली असेल तर एक परिच्छेद जाईल. ज्याच्याशेजारी काहीच लिहिता येत नाही, तो भरतीचा. आणि बहुतेक वेळा तो पहिलाच असतो. 'आजच्या धावपळीच्या युगात' किंवा 'पाणी म्हणजे जीवन' ही हात मोकळा करून घेण्याची वाक्यं. त्यांचं काम झालं, काढून टाका.

आता वाक्याकडे या. 'गोदावरीला पूर आल्यानंतर काठावरील व्यावसायिकांची मोठ्या प्रमाणावर गैरसोय होत असल्याचे दिसून येते.' व्याकरणाची चूक एकही नाही. पण गैरसोय म्हणजे नेमकं काय? दिसून कोणाला येतं? गोदावरीच्या जागी पंचगंगा घाला, काही बिघडत नाही. म्हणजेच हे वाक्य नाशिकचं नाही. नाशिककर पूर मोजतो तो रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवर: पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. ऑगस्ट २०१९ मध्ये तर मूर्ती अख्खी पाण्याखाली गेली होती. मग असं लिहून पाहा: 'पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं, की भांडीबाजारातले दुकानदार खालच्या फळीवरचा माल वर चढवायला लागतात.' क्रियापदांना कर्ते मिळाले, गैरसोय डोळ्यांना दिसली. मात्र हे वाक्य कागदावर ठेवायचं, तर आधी भांडीबाजारात जाऊन विचारायला हवं, की माल हलवता तो पाणी कमरेला लागल्यावर की गळ्याला. अंदाजाने लिहिलेला तपशील हा मोघम वाक्यापेक्षाही वाईट. तो वाचकाला फसवतो.

'करण्यात येते', 'च्या माध्यमातून', 'या अनुषंगाने' यांना खर्ड्यात गोल करत चला. प्रत्येक गोलाशी थांबून विचारा: हे कोणी केलं?

खर्डा सोबत्याला वाचायला द्याल तेव्हा 'छान जमलंय' ऐकून उठू नका. त्याने तीनच गोष्टी दाखवायच्या: कुठे कळलं नाही, कुठे कंटाळा आला, कुठे आणखी हवं होतं. दुरुस्ती सुचवायची नाही, ते काम लिहिणाऱ्याचं.

इथे बसलेल्या शिक्षकांनाही एक विनंती. पान लाल करू नका. सगळ्याच चुका दाखवल्या, की विद्यार्थी फक्त तुमच्या दुरुस्त्या उतरवून काढतो. एका खर्ड्यात दोनच प्रकारचे दोष दाखवा, आणि आधी रचनेचे. पुढे कापल्याच जाणाऱ्या वाक्यातली वेलांटी सुधारून काय मिळणार? शुद्धलेखन तिसऱ्या खर्ड्यात, पण तिथे मात्र काटेकोर.

जुने खर्डे फाडू नका. तारीख घालून एकाच फाइलला लावा. संगणकावर लिहीत असाल तर दर खर्ड्याची वेगळी प्रत ठेवा. वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या सवयीच्या चुकांची यादी करा आणि पुढचा निबंध देण्याआधी तो त्या यादीवरून एकदा तपासा. सलग तीन निबंधांत जी चूक आली नाही, तिच्यावर रेघ मारा.