आजचा शब्द: कोहीरंट

नमस्कार श्रोतेहो. आजचा शब्द आहे कोहीरंट. को-हिअ-रंट, आणि जोर मधल्या ‘हिअ’वर.

मूळ लॅटिन. ‘को’ म्हणजे सोबत, ‘हेरेरे’ म्हणजे चिकटणं. एकमेकांना धरून राहतं ते कोहीरंट. पाक कच्चा राहिला की रव्याचा लाडू कसा फुटतो, हे इंदुरातल्या घरांत सांगायला नको. तो लाडू कोहीरंट नाही.

या शब्दाचं आणि रेडिओचं जुनं नातं आहे. 1890 मध्ये फ्रान्समध्ये एदुआर ब्रान्ली यांना आढळलं की काचेच्या नळीत सैल भरलेला धातूचा कीस एरवी वीज जवळजवळ जाऊच देत नाही; पण आसपास विजेची ठिणगी उडाली की कण एकमेकांना धरतात आणि वीज वाहू लागते. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लॉज यांनी या नळीला नाव दिलं कोहीरर. मार्कोनींच्या नळीत निकेलचा कीस असे, त्यात थोडी चांदी. दूरच्या ठिणगीतून निघालेली रेडिओची लहर आली, कीस चिकटला, यंत्रानं खूण उमटवली. पण लहर गेली तरी कण चिकटलेलेच! मग दुसरी खूण कळणार कशी? म्हणून नळीशेजारी बारीकशी हातोडी बसवत. खूण उमटली की टक्. कीस मोकळा, नळी पुढच्या लहरीसाठी तयार. पुन्हा लहर, पुन्हा टक्. जगदीशचंद्र बोस यांनी 1899 मध्ये रॉयल सोसायटीपुढे लोखंड आणि पाऱ्याचा कोहीरर मांडला, त्याला ही हातोडी लागतच नव्हती. रेडिओचा धडा शिकवताना मार्कोनींच्या बरोबरीनं बोस यांचं नाव यायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. मुलांना ते पाचवीतच कळावं.

तर, कोहीरंट म्हणजे एकमेकांना धरून. ‘अ कोहीरंट प्लॅन’, ‘अ कोहीरंट आर्ग्युमेंट’. तापात बरळणारा माणूस ‘इनकोहीरंट’; शुद्धीवर येऊन नीट बोलू लागला की ‘कोहीरंट’.

चूक कुठे होते? मराठीत आपण ‘सुसंगत’ हा एकच शब्द दोन ठिकाणी वापरतो. साक्षीदारानं सोमवारी सांगितलं तेच गुरुवारी सांगितलं, तर त्याची साक्ष ‘कन्सिस्टंट’. एका दमात सांगितलेल्या गोष्टी एकमेकींत बसल्या, एकीतून दुसरी निघाली, तर ‘कोहीरंट’. म्हणून ‘अमक्याशी जुळणारं’ म्हणायचं असेल तेव्हा ‘कन्सिस्टंट विथ’ म्हणा, ‘कोहीरंट विथ’ नको.

आता ऐका. ‘राजवाड्यावर गर्दी होती. राजवाडा सात मजली आहे. सात हा आकडा शुभ मानतात.’ शब्दाला शब्द जोडलेला आहे, पण सांगायचं काय, ते कळत नाही. हे कोहीरंट नाही. ‘राजवाड्यावर गर्दी होती. म्हणून बस वळवली. त्यामुळे पोचायला उशीर झाला.’ हे कोहीरंट.

अर्ज लिहिलात की मोठ्यानं वाचा. प्रत्येक वाक्यानंतर थांबून विचारा, ‘मग?’ किंवा ‘का?’ पुढच्या वाक्यात उत्तर नसेल, तर ते वाक्य हलवा किंवा काढा. नुसतं ‘मोरओव्हर’, ‘फरदरमोअर’ पेरून सांधा बसत नाही.

आणि स्पेलिंग टिपून घ्या: सी, ओ, एच, ई, आर, ई, एन, टी. दोन्हीकडे ई, शेवटी ‘ए, एन, टी’ लिहू नका.