वनस्पतिउद्यानातली रोपविक्री

श्रोतेहो, नमस्कार.

लावणीचा हंगाम तोंडावर आला की अनेक सार्वजनिक वनस्पतिउद्याने काही दिवसांपुरती आपली रोपे विक्रीला ठेवतात. एरवी ज्या बागेत झाडांना हात लावू नये अशी पाटी असते, तिथल्याच झाडांची संतती त्या दिवसांत आपल्याला घरी नेता येते. या विक्रीला जाताना काय पाहावे, कोणाला काय विचारावे आणि तिथून आणलेले रोप कसे जपावे, याविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे.

वनस्पतिउद्यान ही केवळ शोभेची बाग नसते. इटलीतील पडुआ येथे 1545 साली विद्यापीठासाठी जे उद्यान स्थापन झाले, त्यामागचा हेतू विद्यार्थ्यांना खरी औषधी वनस्पती आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी यांतला फरक प्रत्यक्ष झाडावर शिकवावा, हा होता. तेव्हापासून झाड नेमके ओळखणे आणि ते कोठून, केव्हा व कोणत्या रूपात आले याची नोंद ठेवणे हे अशा उद्यानांचे मुख्य काम राहिले आहे. म्हणूनच या विक्रीतल्या रोपाला लावलेली छोटी पाटी मला रोपाइतकीच मोलाची वाटते. तिच्यावर पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा, दुसरा जातीचा आणि पुढे एकेरी अवतरणचिन्हांत एखादे नाव असेल तर ते माणसाने निवडून जोपासलेल्या वाणाचे असते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये रूढ केलेल्या या दोन शब्दी नामपद्धतीमुळे घोटाळे टळतात. रस्त्याकडेला सरळसोट वाढणारे जे झाड सर्रास अशोक म्हणून ओळखले जाते, त्याचे आणि सीतेच्या अशोकाचे कूळसुद्धा एक नाही. लोकांच्या तोंडी मात्र दोन्ही अशोकच. नाव हरवलेले झाड वाढते, फुलतेही, पण त्याच्याविषयी कोणाला नेमके काही विचारता येत नाही.

अशा रोपांच्या प्रसाराने काय साधते, हे फ्रँकलिनिया या झाडाच्या इतिहासात दिसते. जॉन आणि विल्यम बार्ट्राम या पितापुत्रांना 1765 साली उत्तर अमेरिकेतील आल्टामाहा नदीच्या काठी पांढऱ्या सुवासिक फुलांचे एक छोटे झाड आढळले. विल्यमने पुढे त्याचे बी जमवले आणि घरच्या बागेत रोपे वाढवली. रानातले ते झाड 1803 नंतर कोणाला दिसलेले नाही. आज जगात जी काही फ्रँकलिनियाची झाडे आहेत ती बागांमध्येच आहेत, आणि ती त्या बियांची वंशज मानली जातात.

दुसरे उदाहरण आपल्या काळातले आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या वायव्येला वोलेमी राष्ट्रीय उद्यानाच्या खोल घळींत 1994 साली डेव्हिड नोबल या उद्यान कर्मचाऱ्याला एका अनोळखी सूचिपर्णी वृक्षाचा लहानसा समूह सापडला. या वृक्षाशी जुळणारे अवशेष तोवर फक्त जीवाश्मांत माहीत होते. पूर्ण वाढलेली झाडे शंभरही नव्हती. जागा गुप्त ठेवण्यात आली, पण केवळ गुप्ततेवर विसंबणे धोक्याचे होते, म्हणून शास्त्रज्ञांनी कलमे करून रोपे वाढवली, 2005 साली पहिल्या रोपांचा लिलाव झाला आणि त्यानंतर ती सर्वसामान्यांनाही विकत मिळू लागली. हवे त्याला रोप सहज मिळाले तर रानातल्या मूळ झाडांकडे कोणी वाकड्या वाटेने जाणार नाही, हा त्यामागचा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो.

आता प्रत्यक्ष विक्रीकडे वळू. तिथे पोचल्यावर लगेच रोपांच्या रांगांकडे जाऊ नका. आधी बागेत फिरून या. दुकानात कुंडीतले वीतभर रोप पाहून त्याच्या पूर्ण वाढीची कल्पना येत नाही. इथे मात्र त्याच जातीचे मोठे झाड बहुधा बागेतच उभे असते. त्याचा विस्तार किती, त्याला ऊन मिळते की सावली, मुळाशी ओल कितपत आहे, शेजारी काय वाढते, हे सगळे तिथे पाहता येते. गच्चीवरच्या कुंडीसाठी गेलेला माणूस बागेतला अजस्र वेल पाहून योग्य वेळी आपला बेत बदलू शकतो.

मग माळ्याला पहिला प्रश्न विचारावा तो हा, की हे रोप बियांपासून केले आहे की कलमापासून? बियांपासून झालेल्या रोपात पालकांचे गुण नव्याने मिसळतात, त्यामुळे फुलाचा रंग किंवा फळाची चव हुबेहूब तशीच उतरेल याची खात्री नसते. फाटे कलम (कापून मातीत रुजवलेली फांदी) किंवा गुटी कलम (झाडावरच मुळे फोडून मग वेगळी केलेली फांदी) मात्र मूळ झाडाचेच अंग असते आणि त्याचे गुण जसेच्या तसे येतात. बागेतल्या एखाद्या विशिष्ट झाडाच्या फुलावर आपला जीव जडला असेल तर त्याचे कलमच घ्यावे. उलट, दुर्मीळ रानटी जातीची रोपे बियांपासून झालेली असतील तर ती अधिक चांगली, कारण प्रत्येक रोप थोडे वेगळे असते आणि ती विविधता जातीला रोगराईत तारते. काही झाडांत नर आणि मादी वेगवेगळी असतात. फळांची अपेक्षा असेल तर हेही विचारून घ्यावे.

रोप निवडताना फुलांनी लगडलेले घेण्याचा मोह आवरावा. ठेंगणे, भरीव, नवी पालवी फुटलेले रोप लवकर रुजते. पानांच्या मागच्या बाजूला पिठ्या ढेकूण, खवले कीड किंवा लाल कोळी नाही ना ते पाहावे, आणि कुंडीच्या तळाच्या भोकांतून मुळांचे जाळे बाहेर लोंबत असेल तर ते रोप फार दिवस कोंडलेले आहे असे समजावे. दुसऱ्या रोपाच्या खोडावर कलम बांधलेले असेल तर त्यांचा सांधा मातीच्या वर आहे याची खात्री करावी.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. जे सुंदर आहे ते निरुपद्रवी असतेच असे नाही. घाणेरी आणि जलपर्णी या दोन्ही वनस्पती त्यांच्या फुलांसाठी हौसेने देशोदेशी नेल्या गेल्या, आणि आज त्यांनी कित्येक जंगले व जलाशय व्यापून टाकले आहेत. जबाबदार उद्याने अशी झाडे विकत नाहीत, तरी आपल्या परिसरात हे झाड आपोआप पसरते का, हा प्रश्न विचारायला संकोच करू नये. माळी मंडळींना असे प्रश्न आवडतात, असा माझा अनुभव आहे.

घरी आणलेले रोप पहिले दोन-तीन आठवडे इतर झाडांपासून दूर ठेवावे, म्हणजे नजरेतून सुटलेली कीड पसरणार नाही. जाळीच्या सावलीत वाढलेले रोप एकदम कडक उन्हात ठेवले तर पाने करपतात. ऊन थोडे थोडे वाढवत न्यावे. पावसाळी प्रदेशात ही विक्री पावसाच्या तोंडावर असते, कारण हवेतल्या ओलाव्यामुळे पानांतून पाणी कमी उडते आणि मुळांना जम बसवायला अवधी मिळतो. थंड प्रदेशात ती कडाक्याची थंडी सरल्यावर किंवा जमीन अजून उबदार असताना शरदात होते. म्हणून रोप आणून महिनोन्‌महिने पिशवीतच ठेवले तर हंगामाचा सारा फायदा वाया जातो. पाटीवरचे नाव, लावल्याची तारीख आणि उद्यानाने दिला असेल तर नोंदणी क्रमांक वहीत उतरवून घ्यावा, कारण उन्हापावसात पाटीवरची शाई फार काळ टिकत नाही. पुढे कधी त्या झाडाचे कलम कोणाला द्याल तेव्हा ही माहितीही सोबत द्यावी.

नमस्कार.