सीआरपीचा आकडा आणि मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या

सत्तरी ओलांडलेल्या अनेकांच्या फायलीत हल्ली दोन रिपोर्ट शेजारी शेजारी असतात. एकावर एचएस-सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी अतिसंवेदनशील रक्ततपासणी) ४.२ आणि पुढे वर जाणारा बाण. दुसरा मेंदूच्या एमआरआयचा, त्यावर पांढरे ठिपके, 'फाझेकास ग्रेड २', म्हणजे ठिपक्यांचं प्रमाण मध्यम. घरची मंडळी दोन्हींची सांगड घालतात आणि रक्तातला दाह मेंदूत शिरला, असं धरून चालतात. ही सांगड तितकी सरळ नाही.

सीआरपी हे यकृतात बनणारं प्रथिन. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात आढळलं. शरीरात कुठेही दाह सुरू झाला, की इंटरल्यूकिन-६ हे दाहाचा निरोप नेणारं प्रथिन यकृताला चेतवतं आणि सीआरपी चढतं. हे 'कुठेही' महत्त्वाचं. सुजलेल्या हिरड्या, लघवीचा संसर्ग, संधिवात, पोटाची चरबी, धूम्रपान, सगळ्यांनी तोच आकडा वाढतो. दाह कुठे आहे, हे त्यातून कळत नाही.

म्हणून तपासणी कधी केली, हे आधी विचारा. ताप, जखम, शस्त्रक्रिया किंवा नुकतीच घेतलेली लस असेल, तर आकडा धरू नका. सर्दी-खोकला उतरल्यावर किमान दोन आठवडे थांबा, मग दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासा आणि सरासरी घ्या. उपाशीपोटी जायची गरज नाही. लिटरमागे १ मिलिग्रॅमखाली कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. हा धोका हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांचा. १० च्या वर गेलं, तर आधी संसर्ग शोधा. एकक नीट वाचा: काही लॅब डेसिलिटरमध्ये लिहितात, तिथला ०.८ म्हणजे लिटरमागे ८. साधी सीआरपी आणि एचएस-सीआरपी यांतही गल्लत होते. साध्या तपासणीला खालचे बारीक फरक नेमके पकडता येत नाहीत.

आता मेंदूकडे. खोलवरच्या पांढऱ्या भागाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या केसासारख्या बारीक असतात. वर्षानुवर्षांच्या चढ्या रक्तदाबाने त्यांच्या भिंती जाड आणि ताठर होतात, भोवतालच्या भागाचं पोषण घटतं आणि एमआरआयवर तिथे पांढरे ठिपके दिसतात. ज्यांचं सीआरपी जास्त, त्यांच्यात पक्षाघात काहीसा जास्त दिसतो, हे खरं. पण जनुकांमुळेच ज्यांचं सीआरपी जन्मभर चढं राहतं, त्यांच्यात त्या प्रमाणात पक्षाघात वाढलेला दिसत नाही. इंटरल्यूकिन-६ च्या साखळीशी मात्र संबंध दिसतो. म्हणजे सीआरपी बहुधा साक्षीदार आहे, गुन्हेगार नव्हे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कन्व्हिन्स चाचणीत पक्षाघातानंतर रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसिन हे दाह कमी करणारं औषध दिलं; सीआरपी उतरलं, पण पुढचे झटके टळल्याचं ठामपणे सिद्ध झालं नाही. त्यामुळे आकडा खाली आणण्यासाठी स्वतःच्या मनाने हळदीच्या गोळ्या किंवा दाहशामक औषधं घेऊ नका. रोजच्या वेदनाशामकांनी मूत्रपिंड बिघडू शकतं आणि रक्तदाबही वाढू शकतो.

हात घालायचा तो रक्तदाबाला. अमेरिकेतल्या स्प्रिंट चाचणीत वरचा दाब १४० ऐवजी १२० खाली आणण्याचं लक्ष्य ठेवलेल्या गटात पांढऱ्या ठिपक्यांची वाढ कमी झाली. दाब मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला, पट्टा दंडाच्या मापाचा. मग उभं राहून १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा दाब २० ने पडला तर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. तेव्हा औषध वाढवायच्या आधी डॉक्टरांना ते सांगा.

एका आजारात मात्र हेच आकडे तातडीचे ठरतात. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, केस विंचरताना कानशिलाशी दुखणं, चावताना जबडा भरून येणं, नजर अंधुक होणं, आणि सोबत ईएसआर (दाह दाखवणारी आणखी एक रक्ततपासणी) व सीआरपी खूप वाढलेले: हा कानशिलाच्या धमनीचा दाह असू शकतो. आपल्याकडे तो विरळा आहे, पण डोळा कायमचा जाऊ शकतो. दाट शंका असेल, तर स्टेरॉइड त्याच दिवशी सुरू करतात. धमनीचा तुकडा तपासायला त्यानंतरही काही दिवस मिळतात.