आखाती पगार आणि गावचं खातं

दुबईत देरा भागात महिन्याच्या सुरुवातीला संध्याकाळी एक्स्चेंजच्या, म्हणजे पैसे बदलून गावी पाठवणाऱ्या दुकानाच्या, बाहेर लाइन लागते ना, त्यात उभं राहिलं की मल्याळम, उर्दू, तेलुगू आणि मधूनच आपली रत्नागिरीकडची बोली कानावर पडते. खेड, दापोली, म्हसळा, तिकडची कितीतरी घरं आखातातल्या पगारावर उभी आहेत. पगार हातात कॅश देण्याचे दिवस बरेचसे गेले, २००९ पासून इथे डब्ल्यूपीएस (वेज प्रोटेक्शन सिस्टीम) म्हणून सिस्टीम आहे, कंपनीने पगार बँकेतून किंवा एक्स्चेंजमधूनच टाकायचा, कधी टाकला किती टाकला ते सरकारला दिसतं, त्यामुळे "पुढच्या महिन्यात बघू" म्हणणं मालकाला पूर्वीइतकं सोपं राहिलं नाही.

लाइनीतला विषय एकच, आज रेट काय, म्हणजे एका दिरहमचे किती रुपये. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, १९९७ पासून ३.६७२५ दिरहम म्हणजे १ डॉलर, तो काही हलत नाही, हलतो तो आपला रुपया. म्हणून रुपया पडला की गावात लोक कपाळाला हात लावतात आणि इथे लाइन वाढते.

पण दहा पैसे रेट वाढेल म्हणून थांबणारी माणसं फीचा हिशोब करत नाहीत. समजा २००० दिरहम पाठवायचेत, दहा पैसे वाढले तर फायदा २०० रुपये. आणि तेच पैसे घाईघाईत दोन वेळा थोडे थोडे करून पाठवले, फी समजा २० दिरहम, वर ५ टक्के व्हॅट, तर दुसऱ्या वेळचे २१ दिरहम जादा गेले, म्हणजे ४०० रुपयांच्या वर. मग कुणीतरी हुंडीवाल्याचा, म्हणजे बँकेबाहेरून पैसे पोचवणाऱ्याचा, नंबर देतो, रेट जास्त, फी शून्य, कॅश घरपोच. ते बेकायदेशीर तर आहेच, पण पैसे बुडाले तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

आता खातं. नोकरीसाठी बाहेर गेलात की गावातलं साधं सेव्हिंग खातं तसंच चालवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं साधं खातं, करून घ्यावं लागतं. हे विमानात बसवून देणारा एजंट सांगत नाही, आणि बरेच जण वर्षानुवर्षं जुनंच खातं चालवतात. एनआरओत भारतातलं उत्पन्न, घरभाडं वगैरे, आणि त्याच्या व्याजावर ३० टक्के टीडीएस, वर सेस. बाहेरचा पगार यायला एनआरई हे वेगळं खातं, त्याच्या व्याजावर भारतात टॅक्स नाही आणि पैसे परत बाहेर न्यायलाही अडचण नाही. बायकोला त्यातून घरखर्चाचे पैसे काढायचे तर बँकेत मुखत्यारपत्र देऊन ठेवायचं, एटीएम कार्ड आणि पिन देऊन जाणं हा उपाय नव्हे, जरी सगळे तोच करत असले तरी.

सगळ्यात जास्त पैसा मात्र अडकतो तो बागेत. कोकणातला माणूस दोन पैसे जमले की आंब्याची कलमं बघायला लागतो, आणि एनआरआयला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आली तर ठेवता येते, पण विकत घेता येत नाही. मग काय, पैसे भावाच्या खात्यात, सातबारा भावाच्या नावावर, तोंडी बोलणं की आल्यावर बघू. भाऊ चांगला असतो हो, पण भावानंतर त्याची मुलं येतात आणि त्यांच्या हातात फक्त सातबारा असतो. पैसे ज्याने पाठवले त्याच्याकडे एक्स्चेंजच्या पावत्या, त्याही पुसट झालेल्या. त्यापेक्षा फ्लॅट घ्या, बिगरशेती प्लॉट घ्या, ते स्वतःच्या नावावर होतं.

आणि नोकरी सुटताना ग्रॅच्युइटी मिळते, पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांचा पगार, पुढे ३० दिवसांचा. पण तो बेसिकवर, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगारावर. कॉन्ट्रॅक्टमध्ये बेसिक कमी आणि अलाउन्स जास्त लिहिलेला असेल तर शेवटचा हिशोब हातात पडल्यावर भांडून काही होत नाही, सही करायच्या आधीच तो आकडा वाचायचा.