प्रिंटर घेताना आधी सुई बघा

नमस्कार, श्रोतेहो.

घोडबंदर रोडवरच्या वन बीएचकेत असो की ऐरोली-घणसोलीच्या सिडकोच्या घरात, हॉलच्या कोपऱ्यात आता एक ऑफिस थाटलेलं असतं. कुणी विम्याचं काम करतं, कुणी जीएसटीची विवरणपत्रं भरतं, कुणी शिकवण्या घेतं. त्या टेबलावर छापणारा, स्कॅन करणारा आणि झेरॉक्स काढणारा एकच स्वस्त इंकजेट कसा निवडायचा, ते आज सांगतो.

दुकानात गेल्यावर किंमत विचारण्याआधी एक प्रश्न विचारा: सुई कुठे आहे? सुई म्हणजे काय, त्यासाठी १९७७ सालच्या जपानमध्ये जावं लागेल.

कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत इचिरो एन्डो नावाचे संशोधक कागदावर शाई उडवण्याची नवी रीत शोधत होते. तेव्हा एक मार्ग माहीत होता, पिझोचा. वीज दिली की पिझो नावाच्या पदार्थाचा तुकडा किंचित वाकतो आणि शाईचा थेंब बाहेर ढकलतो. एन्डोंच्या गटाला यापेक्षा वेगळं काही हवं होतं. एके दिवशी प्रयोगाच्या टेबलावर शाई भरलेली इंजेक्शनची सिरिंज होती आणि शेजारी तापलेलं सोल्डरिंग आयर्न. आयर्नचं टोक चुकून सुईला लागलं आणि सुईतून शाईची चिळकांडी उडाली.

झालं होतं ते इतकंच: सुई तापली, आतल्या शाईचा बुडबुडा झाला आणि त्या बुडबुड्यानं पुढची शाई बाहेर फेकली. एखाद्यानं टेबल पुसून काम पुढे चालू केलं असतं. एन्डोंनी त्या चिळकांडीत छपाईचं यंत्र पाहिलं. ढकलायला पिझोची गरज नाही, उष्णता पुरते! त्याच वर्षी त्यांनी पेटंटचा अर्ज केला. पण एका सुईचं यंत्र होत नाही. केसाहून बारीक भोकं ओळीनं हवीत, प्रत्येकामागे चिमुकला हीटर हवा आणि तो सेकंदाच्या काही लाखाव्या भागात तापून निवायला हवा. म्हणून यंत्र बाजारात यायला १९८५ साल उजाडलं. त्याचं नाव बीजे-८०, बीजे म्हणजे बबल जेट.

अमेरिकेत एचपीचे लोकही स्वतंत्रपणे याच बुडबुड्यापाशी पोचले होते. त्यांचा थिंकजेट १९८४ चा. त्याला बारा भोकं होती, आणि ती यंत्रात नव्हती, शाईच्या कार्ट्रिजवर होती. शाई संपली की कार्ट्रिज फेकायची, तिच्याबरोबर भोकंही जायची. चार दशकं झाली, तरी आपला प्रिंटर घ्यायचा निर्णय आजही इथेच अडतो.

कारण शाई वाळते, आणि ती त्या बारीक भोकातच वाळते. ही भोकं म्हणजेच आपली सुई. स्वस्त कार्ट्रिजच्या यंत्रात बहुधा सुई कार्ट्रिजवर असते. ती तुंबली तर नवी कार्ट्रिज घातली की नवी सुई. टाकीच्या, म्हणजे इंक टँकच्या यंत्रात सुई यंत्रात असते. त्यातही बबलवाल्या यंत्रांची हेड, म्हणजे ही भोकं असलेले भाग, बऱ्याचदा काढून बदलता येतात. पिझोवाल्यांची आत पक्की बसवलेली असतात, आणि वॉरंटी संपल्यावर ती बदलायचा खर्च इतका येतो की लोक नवं यंत्रच घेतात. म्हणून पुन्हा सांगतो, सुई कुठे आहे, ते विचारा.

आता हिशेब. छोटी काळी कार्ट्रिज आठशेची आणि तिच्यावर १२० पानं निघाली, तर एका पानाला साडेसहा रुपयांच्या वर शाई जाते. टाकीची ६५ मिलिलिटरची काळी बाटली चारशेची, आणि कंपनी म्हणते ४,५०० पानं. घरी त्याच्या निम्मीच निघाली असं धरा, तरी पान अठरा पैशांत. दोन यंत्रांच्या किमतीत सात-आठ हजारांचा फरक असेल, तर अकराशे ते सव्वाबाराशे पानांत तो वसूल होतो. महिन्याला शंभर पानं असतील तर टाकीच घ्या. महिन्याला दहा-वीसच असतील, तर प्रिंटर घेऊच नका. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला स्वस्त पडतो. बरं, शाळांनी प्रोजेक्टसाठी रंगीत प्रिंट मागणं थांबवावं असं मला फार मनापासून वाटतं. झाडाचं चित्र मुलानं हातानं काढावं, त्यात ते झाड नीट बघतं तरी. असो.

स्कॅनरची काच ए-फोर मापाची असते. लीगल मापाचे जुने करारनामे तिच्यावर मावत नाहीत. त्यासाठी वरून कागद ओढणारा फीडर, म्हणजे एडीएफ, असलेलं मॉडेल लागतं. फीडर लीगल घेतो ना, तेही बघा. कागदपत्रांना ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, पुरतं; जास्त ठेवलंत तर फाइल इतकी फुगते की सरकारी पोर्टल ती घेत नाही. वाय-फाय जुळत नसेल तर राउटरमध्ये बघा: बरेच स्वस्त प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, ५ वर नाहीत.

शाईचा प्रकारही विचारा. पिगमेंट शाई कागदावर वर बसते आणि पाण्याला दाद देत नाही. डाय शाई फोटोत खुलते पण ओली झाली की फुटते. कुरिअरची लेबलं छापत असाल तर ठाण्याच्या पावसात हा फरक पैशांचा आहे. दुकानात एक पान छापून घ्या, वाळू द्या आणि त्यावर पाण्याचा थेंब टाका. खाडीकाठची दमट हवा कागदातही शिरते, म्हणून रीम पिशवीत बंद ठेवा आणि ट्रेमध्ये लागेल तेवढाच कागद घाला. ओलसर कागद वाकतो, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात आणि अडकतात.

घरी आणल्यावर आठवड्यातून एकदा चारही रंगांचं एक पान काढा. यंत्र त्याच्या स्वतःच्या बटणानं बंद करा, भिंतीवरच्या स्विचनं नाही. स्वतःच्या बटणानं बंद केलं की सुई जागेवर जाते आणि रबरी टोपीखाली झाकली जाते. मध्येच वीज तोडलीत तर ती उघडी राहून वाळते. टाकीतली शाई खालच्या रेघेच्या खाली जाऊ देऊ नका; नळीत हवा शिरते, आणि बबलच्या यंत्रात हीटर कोरडा तापून जळतो.

छपाईत रेषा गळाल्या तर आधी नॉझल चेकचं, म्हणजे कुठली भोकं तुंबली ते दाखवणारं, पान काढा, मग क्लीनिंग एकदा, फार तर दोनदा. प्रत्येक क्लीनिंगची शाई आतल्या स्पंजात जाते, आणि तो स्पंज भरला की यंत्र थांबतं. तो घरी बदलता येतो का, हेही घेतानाच विचारून ठेवा. दोनदा करूनही रेषा आल्या नाहीत तर यंत्र रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी पुन्हा नॉझल चेक काढा. रात्रीतून शाई स्थिरावते, हवेचे बुडबुडे निघून जातात, आणि बऱ्याचदा गेलेल्या रेषा परत आलेल्या दिसतात.

नमस्कार.