गॉगल लावला की अमिताभ गायब

मंडळी, १९८३ साली या देशात पाठमोरा उभा असला तरी लहान पोरानेही ओळखावा असा माणूस कोण, हे मी सांगायला नको. अमिताभ बच्चन. ती उंची, ते लांब पाय, कानांवर आलेले केस. आणि हाच अमिताभ एका कॉमिकमध्ये डोळ्यांवर भलामोठा गॉगल चढवतो, तर त्याला कुणीच ओळखत नाही! चोर नाही, पोलीस नाही, कुणीही नाही. सुपरमॅन निदान ओळख लपवायला चष्मा लावतो आणि कामाला निघताना काढतो. आमचा गडी कामाला निघताना लावतो.

त्या अवताराचं नाव सुप्रीमो. इंडिया बुक हाउसच्या स्टार कॉमिक्सने ती मालिका काढली, म्हणजे अमर चित्रकथा काढणाऱ्याच घराने. कल्पना पम्मी बक्षी यांची, सिनेमाच्या मासिकाच्या संपादक. पटकथेच्या सल्ल्याला कोण, तर गुलजार! हो, तेच गुलजार. आणि चित्रं प्रताप मुळीक यांची. नावाची हकीकत अशी सांगतात की गोव्यात 'पुकार'चं चित्रीकरण चालू असताना रणधीर कपूर अमिताभला 'सुप्रीमो' म्हणून हाक मारायचे, ते कानावर पडलं आणि तेच ठेवलं.

एवढी मोठी माणसं एकत्र आली आणि निघालं काय? अंगाला चिकटलेला गुलाबीसर पोशाख, कमरेला लुंगीची आठवण व्हावी असं फडकं, जोडीला शाहीन नावाचा ससाणा. मदतनिसांची नावं विजय आणि अँथनी. म्हणजे अमिताभच्या हाताखाली अमिताभच्याच भूमिका नोकरीला! शूटिंग चालू असताना कुठून तरी संकटाचा निरोप येतो आणि हिरो सेटवरून पसार. निर्मात्याच्या त्या दिवसाच्या खर्चाचं काय झालं, हे कॉमिक कधीच सांगत नाही. मला मात्र दर वेळी त्या निर्मात्याचीच काळजी वाटते.

मुळीकांचा हात कच्चा होता असं कुणी समजू नका. पुराणातले देव आणि इतिहासातले वीर उभे करून तयार झालेला तो हात. पुढे १९८६ साली नागराज या हिंदी कॉमिक-नायकाचा पहिला अंकही त्यांनीच काढला. गंमत अशी की चित्रं चांगली असल्यामुळेच तो पोशाख जास्त हास्यास्पद दिसतो. वाईट चित्रकाराने काढला असता तर आपण त्याच्या माथी मारून मोकळे झालो असतो.

पण खरी गोम पोशाखात नाही. या कॉमिकातल्या अमिताभला राग येत नाही. बाप सोडून गेलेला नाही, हातावर काही गोंदलेलं नाही, आईशी भांडण नाही. 'दीवार', 'शोले', 'मुकद्दर का सिकंदर', 'शक्ती', सगळीकडे हा माणूस शेवटी मरतो, आणि त्याच्या त्या मरणासाठी लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढतात. सुप्रीमो म्हणजे पोरांना संकटातून सोडवून हसत निघून जाणारा काका. अमिताभमधून राग काढला, दुःख काढलं, मग उरलं काय? उंची आणि गॉगल! कॉमिक म्हणून ते पडणारच.

आता त्याच्या आदल्या वर्षाकडे बघा. २६ जुलै १९८२ला बंगळूरला 'कुली'च्या मारामारीत पोटाला मार बसला. पुढे मुंबईचं ब्रीच कँडी रुग्णालय, देशभर नवस, देवळांतून रांगा. 'कुली'च्या मूळ कथेत नायक मरणार होता. दिग्दर्शक मनमोहन देसाईंनी तो शेवट बदलला, कारण खऱ्या आयुष्यात वाचलेल्या माणसाला पडद्यावर मारायची त्यांची छाती होईना. सुप्रीमो त्याच दिवसांतला. ज्याला काहीही होऊच शकत नाही असा अमिताभ त्या वेळी पोरांना हवा होता, आणि मला वाटतं त्यांच्या आयांनाही. म्हणून त्या गुलाबी पोशाखावर मी कितीही हसलो तरी त्याची टिंगल दुसऱ्याने केलेली मला खपत नाही.

मालिका दोनेक वर्षांत गुंडाळली. १९८४च्या अखेरीस खुद्द अमिताभ अलाहाबादहून लोकसभेत निवडून गेला. तिथे गॉगलचा उपयोग नव्हता.

कुणाच्या माळ्यावर यातला एखादा अंक असेल तर चहाच्या वेळी मला गाठा. विकायचा नसला तरी चालेल. इथेच खुर्चीत बसून वाचतो आणि परत देतो.